प्रवाळ मत्स्यालयातील एलईडी प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील एलईडी प्रकाशयोजना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळे जगावीत व वाढावीत यासाठी प्रकाश उत्सर्जक डायोडांच्या दिव्यांची केलेली निवड, मांडणी आणि समायोजन होय. केवळ मासे ठेवलेल्या मत्स्यालयात दिव्याचे काम मुख्यतः आतील दृश्य उजळण्याचे असते. प्रवाळ मत्स्यालयात मात्र प्रकाश हा अन्नाचा स्रोत असतो. त्यामुळे प्रकाशाची तीव्रता, त्याचा वर्णपट, तो किती तास मिळतो आणि त्यात किती वेगाने बदल होतो, या चारही गोष्टींवर प्रवाळांचे जगणे अवलंबून राहते.

सुमारे ४० ते १०० लिटर पाण्याच्या लहान टाकीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अशा टाकीत दिवा आणि प्रवाळ यांच्यातील अंतर थोडे असते, सावलीची जागा मर्यादित असते आणि आधुनिक एलईडी दिव्यांची क्षमता बहुधा गरजेपेक्षा जास्त असते. प्रवाळाला किती प्रकाश मिळतो याचा अंदाज मानवी डोळ्याला नीट येत नाही. म्हणून दिव्याचे समायोजन नजरेच्या अंदाजाने न करता प्रवाळाच्या जागी केलेल्या मोजमापाने करावे, हे या विषयाचे मुख्य सूत्र मानले जाते.

## प्रवाळ आणि प्रकाश

प्रवाळ हा प्राणी आहे. मात्र उथळ उष्णकटिबंधीय समुद्रातील बहुसंख्य प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली या नावाने ओळखली जाणारी सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती सिम्बायोडिनिएसी या कुळातील आहेत. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या शर्करा व इतर सेंद्रिय पदार्थांचा मोठा वाटा यजमान प्रवाळाला देतात आणि प्रवाळाच्या चयापचयातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व फॉस्फरस वापरतात. उथळ पाण्यातील काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज या सहजीवनातून भागते. उरलेली गरज प्रवाळ आपल्या स्पर्शकांनी प्लवक पकडून भागवते.

खडकाळ सांगाडा बनवणाऱ्या प्रवाळांमध्ये प्रकाशाचा संबंध सांगाड्याच्या वाढीशीही असतो. सहजीवी शैवाले असलेल्या अशा प्रवाळांत अंधारापेक्षा उजेडात कॅल्शियम कार्बोनेट साठण्याचा वेग सरासरी सुमारे तिप्पट आढळतो.

प्रकाश वाढवत नेला की प्रकाशसंश्लेषणाचा वेग आरंभी त्याच प्रमाणात वाढतो. पुढे तो एका पातळीवर स्थिरावतो, हिला संपृक्तता म्हणतात. त्याहूनही अधिक प्रकाश पडल्यास शोषलेली ऊर्जा उपयोगात येत नाही, पेशींमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे तयार होतात आणि शैवालांच्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेला इजा होते. हा ताण फार वाढला तर प्रवाळ शैवालांना बाहेर टाकते. शैवाले गेली की पारदर्शक ऊतीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेला विरंजन म्हणतात. समुद्रात मोठ्या प्रमाणावरील विरंजनाचे मुख्य कारण पाण्याचे वाढलेले तापमान असते आणि तीव्र प्रकाशाने त्यात भर पडते. मत्स्यालयात मात्र तापमान योग्य असतानाही केवळ जास्त प्रकाशामुळे विरंजन घडू शकते.

विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. प्रकाश कमी करून आणि अन्न देऊन ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरू शकते. तथापि दरम्यानच्या काळात त्याचा ऊर्जेचा मुख्य स्रोत बंद असल्याने ते दुर्बल राहते.

## प्रकाशाचे मोजमाप

### प्रकाशसंश्लेषणक्षम प्रारण

वनस्पती आणि शैवाले प्रामुख्याने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. या पट्ट्यातील प्रकाशाला प्रकाशसंश्लेषणक्षम प्रारण म्हणतात. मत्स्यालय छंदात त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पार' हा शब्द रूढ आहे. एक चौरस मीटर पृष्ठावर दर सेकंदाला किती फोटॉन पडतात यावरून त्याचे मापन होते आणि ते 'मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद' या एककात देतात. या लेखात पुढे त्यासाठी केवळ 'मायक्रोमोल' असे म्हटले आहे. निरभ्र आकाशात भर दुपारच्या उन्हात हे मूल्य सुमारे २,००० मायक्रोमोल असते.

### लक्स का पुरेसे नाही

लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले आहे. उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी ही संवेदनशीलता सुमारे ४ टक्केच उरते. प्रवाळ मत्स्यालयातील दिव्यांचा भर नेमका याच निळ्या भागावर असतो.

सूर्यप्रकाशासाठी लक्सच्या आकड्याला सुमारे ५४ ने भागल्यास मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. म्हणजे १,००,००० लक्स उन्हात सुमारे १,८५० मायक्रोमोल होतात. शुद्ध ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मात्र एक मायक्रोमोल म्हणजे जेमतेम ७ लक्स. तेथे ५४ चा भाजक वापरला तर प्रत्यक्षाच्या सुमारे आठव्या भागाइतकाच आकडा हाती येतो. निळ्या दिव्याखालची टाकी नजरेला मंद भासत असताना प्रवाळावर तीव्र प्रकाश पडत असू शकतो, त्याचे कारण हेच आहे. मंद वाटते म्हणून दिवा वाढवणे, हे नव्या मत्स्यालयांत प्रवाळ गमावण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

### मोजमापाची साधने

अचूक मोजमापासाठी पाण्यात बुडवता येणारा संवेदक असलेला क्वांटम मापक वापरतात. संवेदक निवडताना तो निळ्या प्रकाशालाही योग्य प्रतिसाद देतो का हे पाहावे लागते, कारण काही जुन्या प्रकारचे संवेदक निळ्या प्रकाशाची मोजणी कमी करतात. हवेतील मापनासाठी प्रमाणित केलेला संवेदक पाण्यात कमी आकडा दाखवतो, म्हणून उत्पादकाने दिलेला दुरुस्ती गुणक लावावा लागतो. असा मापक महाग असतो. त्याची गरज वर्षातून मोजक्या वेळा लागत असल्याने छंदप्रेमी तो अनेकदा सामायिकपणे किंवा भाड्याने वापरतात.

## इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरगुती सागरी मत्स्यालयांसाठी प्रथम साध्या प्रतिदीप्त नळ्या वापरल्या जात. तीव्र प्रकाश मागणाऱ्या प्रवाळांसाठी पुढे मेटल हॅलाइड दिवे आणि 'टी-५' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे १६ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या प्रचारात आल्या. मेटल हॅलाइड दिव्याचा प्रकाश तीव्र असे आणि पाण्याच्या लाटांमुळे तळावर उन्हासारखी झिळमिळही पडे. परंतु या दिव्यांपासून मोठ्या प्रमाणात उष्णता निघे. लहान टाकीत पाणी तापे आणि शीतकाची गरज भासे. शिवाय दोन्ही प्रकारच्या दिव्यांचा वर्णपट वापरानुसार बदलत असल्याने ते ठरावीक काळाने बदलावे लागत.

एलईडीचा मार्ग निळ्या डायोडाच्या शोधाने मोकळा झाला. जपानमध्ये इसामू अकासाकी व हिरोशी अमानो यांनी गॅलियम नायट्राइडवर केलेले संशोधन आणि शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत १९९३ मध्ये सिद्ध केलेला तेजस्वी निळा डायोड हे यातील महत्त्वाचे टप्पे होत. या कार्यासाठी तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडीही बहुधा निळ्या डायोडावर पिवळसर प्रतिदीप्त पदार्थाचा थर देऊनच बनवतात. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रवाळ मत्स्यालयांसाठी खास एलईडी दिवे बाजारात आले आणि पुढील दशकात लहान टाक्यांसाठी तेच प्रमुख साधन बनले.

## वर्णपट

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश सर्वांत वेगाने शोषते. स्वच्छ पाण्यात काही मीटर खोलीवरच तांबड्या रंगाचा मोठा भाग नाहीसा होतो, तर निळा प्रकाश सर्वाधिक खोलवर पोहोचतो. प्रवाळांतील सहजीवी शैवालांची रंगद्रव्ये या परिस्थितीशी जुळलेली आहेत. त्यांच्यातील क्लोरोफिल-अ व क्लोरोफिल-क ही निळा-जांभळा प्रकाश चांगला शोषतात. पेरिडिनिन हे रंगद्रव्य निळ्यापासून निळसर हिरव्यापर्यंतचा प्रकाश टिपते.

प्रवाळ मत्स्यालयाच्या दिव्यात साधारणपणे पुढील प्रकारचे डायोड असतात :

- जांभळे, सुमारे ४०० ते ४२० नॅनोमीटर
- गडद निळे, सुमारे ४४० ते ४६० नॅनोमीटर. हेच बहुतेक दिव्यांचा कणा असतात
- निळे, सुमारे ४६५ ते ४८५ नॅनोमीटर
- पांढरे, ज्यांत निळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंग कमीअधिक प्रमाणात असतात
- हिरवे व तांबडे, जे मुख्यतः दृश्याचा रंगसमतोल साधण्यासाठी वापरतात

तांबड्या प्रकाशाविषयी सावधगिरी बाळगली जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर केलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात निळ्या प्रकाशाखालील तुकडे सर्वाधिक जगले, तर अधिक तीव्रतेच्या तांबड्या प्रकाशाखाली जगण्याचे प्रमाण कमी राहिले. त्यामुळे तांबडी वाहिनी अल्प प्रमाणातच ठेवण्याचा प्रघात आहे. थोडा तांबडा व पांढरा प्रकाश मात्र मासे आणि प्रवाळे नैसर्गिक रंगांत दिसण्यासाठी उपयोगी पडतो.

अनेक प्रवाळे निळ्या प्रकाशात हिरवी, नारिंगी किंवा तांबडी चमकतात. ही चमक त्यांच्यातील प्रतिदीप्त प्रथिनांमुळे येते. ही प्रथिने ज्या हरित प्रतिदीप्त प्रथिनाच्या गटातील आहेत, ते ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशपासून वेगळे केले होते. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी देण्यात आले. निळ्या प्रकाशामुळे प्रवाळांत या प्रथिनांची निर्मिती वाढते, असेही संशोधनात दिसून आले आहे. तथापि गडद निळ्या प्रकाशातील झगमगाट हे प्रवाळाच्या आरोग्याचे प्रमाण नव्हे. विरंजनाकडे झुकलेले प्रवाळही काही वेळा अधिक उजळ दिसते. म्हणून प्रवाळांची तपासणी रोज थोडा वेळ पांढऱ्या प्रकाशात करणे उपयुक्त ठरते.

दिव्याच्या खोक्यावर १०,००० किंवा २०,००० केल्विन असे रंगतापमान छापलेले असते. तो आकडा केवळ प्रकाश डोळ्याला किती निळसर दिसेल हे ढोबळपणे सांगतो. त्यावरून वर्णपटाची घडण किंवा तीव्रता कळत नाही.

## दिव्याची निवड

### टाकीचा आकार आणि प्रकाशाचा पसारा

दिवा निवडताना लिटरमागे किती वॅट हा जुना आडाखा एलईडीला लागू पडत नाही. डायोडांची कार्यक्षमता, भिंगे आणि टांगण्याची उंची यांनुसार समान वॅटच्या दोन दिव्यांचा प्रकाश फार वेगळा असू शकतो. त्याऐवजी टाकीची लांबी-रुंदी, पाण्याची खोली आणि कोणती प्रवाळे ठेवायची आहेत यांचा विचार प्रथम करावा लागतो.

भिंगाचा कोन आणि उंची यांवरून प्रकाशाचा पसारा काढता येतो. पाण्यापासून २० सेंटिमीटर उंचीवरील दिव्याचा झोत ६० अंशांचा असल्यास पृष्ठभागावर सुमारे २३ सेंटिमीटर, ९० अंशांचा असल्यास ४० सेंटिमीटर आणि १२० अंशांचा असल्यास सुमारे ६९ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ उजळते. झोताचा हा कोन तीव्रता निम्म्यावर येते त्या मर्यादेपर्यंतचा असतो. त्यामुळे वर्तुळाच्या कडेला प्रकाश मध्यापेक्षा बराच कमी मिळतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीवर ९० अंशांचा एकच दिवा २० सेंटिमीटरवर लावला तर मध्यभागी अति प्रकाश आणि दोन्ही टोकांना अंधुक उजेड अशी स्थिती होते. अशा वेळी दिवा उंच करणे, रुंद कोनाचा दिवा घेणे किंवा कमी शक्तीचे दोन दिवे लावणे हे पर्याय असतात.

पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. ४५ अंशांनी पडलेला किरण पाण्यात सुमारे ३२ अंशांचा होतो. पाण्यातून काचेवर तिरपे आदळणारे बहुतेक किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने परत टाकीतच येतात. म्हणून लहान टाकीत तळापर्यंत पोहोचणारा प्रकाश हा केवळ अंतरावरून केलेल्या अंदाजापेक्षा जास्त असू शकतो. काचेवर शैवाल माजले की हा परतणारा प्रकाश घटतो.

### सावली आणि मिश्रण

एकाच बिंदूवजा स्रोतातून येणारा प्रकाश गडद सावल्या पाडतो. फांद्यांच्या प्रवाळाची वरची बाजू उजेडात आणि खालची कायम अंधारात राहिल्यास खालची ऊती हळूहळू मरते. निरनिराळ्या रंगांचे डायोड दूरदूर असतील तर तळावर रंगीत ठिपकेही उमटतात. पसरट मांडणी, धूसर आवरण किंवा एकाहून अधिक दिवे यांनी हे दोष कमी होतात. याउलट एकवटलेल्या स्रोतामुळे तळावर हलणारी प्रकाशरेषांची जाळी उठून दिसते, म्हणून काहींची पसंती त्यास असते.

### नियंत्रण

किमान निळी व पांढरी वाहिनी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येणे आणि प्रकाश सावकाश वाढवण्या-उतरवण्याची सोय असणे, या लहान टाकीसाठी महत्त्वाच्या बाबी आहेत. पूर्ण शक्तीवरच चालणारा दिवा केवळ टांगण्याची उंची बदलून आवरावा लागतो. लहान टाकीवर तेवढी जागा नेहमी उपलब्ध नसते.

### वीजखर्च आणि आयुष्य

६० वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास चालवल्यास महिन्याला सुमारे १८ युनिट वीज लागते. १५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा तितकाच वेळ चालल्यास ४५ युनिट लागतात, शिवाय शीतकाचा खर्च निराळा. एलईडीचे आयुष्य अनेकदा ५०,००० तास असे सांगितले जाते. रोज दहा तासांच्या वापराने हा काळ तेरा वर्षांहून अधिक होतो. परंतु डायोड तापले तर त्यांचे आयुष्य घटते आणि प्रत्यक्षात पंखा किंवा वीजपुरवठा घटक आधी निकामी होण्याची शक्यता असते.

## प्रवाळांची प्रकाशाची गरज

छंदात प्रवाळांचे तीन ढोबळ गट केले जातात. हे गट शास्त्रीय वर्गीकरणाचे नसून सांभाळण्याच्या सोयीचे आहेत. प्रवाळाच्या जागी मोजलेली, दिवसाच्या मुख्य काळातील तीव्रता पुढीलप्रमाणे ठेवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे :

- मृदू प्रवाळे आणि डिस्कोसोमासारखे छत्रीच्या आकाराचे जीव : सुमारे ५० ते १०० मायक्रोमोल
- युफिलियासारखी मोठ्या मांसल पॉलिपांची खडकाळ प्रवाळे : सुमारे ७५ ते १५० मायक्रोमोल
- ॲक्रोपोरा व मॉन्टिपोरा यांसारखी लहान पॉलिपांची खडकाळ प्रवाळे : सुमारे २०० ते ३५० मायक्रोमोल

एकाच जातीची प्रवाळे समुद्रात वेगवेगळ्या खोलीवर वाढतात. म्हणून विशिष्ट तुकडा पूर्वी कोणत्या प्रकाशात वाढला, हे त्याच्या जातीइतकेच महत्त्वाचे ठरते. विक्रेत्याच्या टाकीतील तीव्रता माहीत असल्यास तीच आरंभबिंदू मानावी. प्रथमच प्रवाळ सांभाळणाऱ्यांसाठी संपूर्ण टाकी ५० ते १५० मायक्रोमोलच्या आत ठेवणे सुरक्षित समजले जाते. या पट्ट्यात पहिल्या दोन गटांतील बहुसंख्य प्रवाळे जगतात.

## समायोजन

### एक उदाहरण

६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी टाकी घेतली, तर ३६ सेंटिमीटरपर्यंत भरल्यावर तिच्यात सुमारे ८६ लिटर पाणी मावते. खडक व वाळूमुळे प्रत्यक्ष पाणी याहून कमी असते. अशा टाकीत किमान पाच जागी मोजमाप करतात : खडकाचा माथा, खडकाची मधली पायरी, मध्यभागातील वाळू आणि वाळूचे दोन कोपरे. पंप चालू असताना पृष्ठभाग हलत असल्याने आकडा सतत बदलतो, म्हणून प्रत्येक जागी काही सेकंदांची सरासरी घेतात.

समजा, पूर्ण शक्तीवर मधल्या पायरीवर २४० मायक्रोमोल मिळाले आणि तेथे १२० हवे आहेत. दिवा ५० टक्क्यांवर आणून पुन्हा मोजावे. नियंत्रकावरील टक्केवारी आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचे प्रमाण सर्व दिव्यांत सरळ नसते, तसेच एकूण टक्केवारी तीच ठेवून पांढरी वाहिनी घटवली तरी तीव्रता बदलते. म्हणून प्रत्येक बदलानंतर फेरमोजणी आवश्यक असते. मिळालेले आकडे टाकीच्या रेखाटनावर लिहून ठेवल्यास नवे प्रवाळ कोठे ठेवावे हे लगेच ठरवता येते.

मापक उपलब्ध नसल्यास दिवा कमी शक्तीवर सुरू करणे, सोसणारी प्रवाळे तळाशी ठेवून त्यांची लक्षणे पाहणे आणि अनेक आठवड्यांत सावकाश वाढ करणे, हा मार्ग उरतो. कमी प्रकाशाचे परिणाम हळूहळू दिसतात व सुधारता येतात. अति प्रकाशाची इजा मात्र काही दिवसांत होऊ शकते. संशय असल्यास प्रकाश कमी ठेवावा, असे मानले जाते ते यामुळेच.

### सरावणे

प्रवाळे बदलत्या प्रकाशाशी जुळवून घेऊ शकतात. कमी प्रकाशात शैवालांच्या पेशींतील रंगद्रव्ये वाढतात व प्रवाळ तपकिरी दिसते. जास्त प्रकाशात ती घटतात व प्रवाळ फिके होते. या जुळणीला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. नवा दिवा बसवताना किंवा जुन्या नळ्यांच्या जागी एलईडी लावताना आधीच्या दिव्याखालील मोजमाप घेऊन नवा दिवा तेवढ्याच किंवा त्याहून कमी तीव्रतेवर सुरू करतात. नंतर आठवड्याला सुमारे पाच टक्के याप्रमाणे वाढ करतात. नवे प्रवाळही प्रथम तळाशी किंवा कडेला ठेवून दोन ते चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने ठरलेल्या जागी नेतात. तीव्रता, उंची आणि प्रकाशकाल यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे परिणामाचे कारण ओळखता येते.

### प्रकाशकाल

विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा असतो. मत्स्यालयात एकूण आठ ते बारा तास प्रकाश देतात. त्यात सकाळी व संध्याकाळी एक-दोन तास चढउताराचे आणि मधले सहा ते आठ तास मुख्य तीव्रतेचे असतात.

दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश तीव्रतेला वेळेने गुणून काढतात. १५० मायक्रोमोल दहा तास मिळाल्यास दिवसाला प्रति चौरस मीटर ५.४ मोल फोटॉन होतात, सहा तासांत सुमारे ३.२ मोल. या हिशेबाचा उपयोग दोन वेळापत्रकांची तुलना करण्यासाठी होतो. मात्र थोडा वेळ अति तीव्र प्रकाश देऊन तीच बेरीज गाठणे योग्य नाही, कारण संपृक्ततेपलीकडचा प्रकाश वाया जातो किंवा इजा करतो.

रात्रीचा अंधार आवश्यक असतो. चंद्रप्रकाशाचा आभास देणारे मंद दिवे रात्रभर चालवण्याची प्रथा असली तरी प्रवाळांच्या आरोग्यासाठी ते अनिवार्य नाहीत. प्रजननाच्या बाबतीत मात्र चंद्राच्या चक्राला महत्त्व आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी दिवसमान, चंद्रप्रकाश व तापमान यांचे वार्षिक चक्र कृत्रिमरीत्या निर्माण करून बंदिस्त टाक्यांत ॲक्रोपोरा प्रवाळांचे अंडविसर्जन घडवून आणले. त्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

## प्रवाळांवर दिसणारी लक्षणे

प्रकाश जास्त असल्यास प्रवाळाचा वरचा, दिव्याकडील भाग प्रथम फिका पडतो. पॉलिप दिवसा मिटलेले राहतात, छत्रीसारखे जीव आक्रसतात किंवा कडा आत वळवतात. सावलीतील भाग मात्र पूर्वीच्या रंगाचा राहतो. हा फरक निदानात उपयुक्त ठरतो, कारण तापमान, क्षारता किंवा विषारी पदार्थ यांचे परिणाम बहुधा सावली-उजेड असा भेद करत नाहीत.

प्रकाश कमी असल्यास रंग तपकिरी होत जातो, वाढ मंदावते आणि झोअँथिडसारख्या जीवांचे देठ प्रकाशाच्या दिशेने लांबतात. काचेवर शैवाल माजणे हे एकट्या प्रकाशाचे लक्षण नसते. त्यात पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट यांचाही वाटा असतो.

## प्रकाशाशी निगडित इतर घटक

प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की नायट्रोजन भरपूर असून फॉस्फेटची कमतरता असल्यास सहजीवी शैवालांच्या पेशीपटलांची रचना बदलते आणि प्रवाळ प्रकाश व उष्णता यांमुळे विरंजित होण्याची शक्यता वाढते. म्हणून पाणी पूर्णपणे पोषकद्रव्यरहित करून वर तीव्र दिवा लावणे घातक ठरू शकते.

प्रकाश वाढवल्यास खडकाळ प्रवाळांची वाढ होते आणि पाण्यातील कॅल्शियम व क्षारता वेगाने खर्च होते. लहान टाकीत साठा थोडा असल्याने हा बदल काही दिवसांत जाणवतो.

सेंद्रिय पदार्थांमुळे जुने पाणी पिवळसर होते व निळा प्रकाश शोषते. सक्रिय कोळसा टाकल्यावर पाणी अचानक स्वच्छ होते आणि दिव्याला हात न लावताही प्रवाळांवरील प्रकाश वाढतो. मिठाने मळलेली काच पुसल्यावरही असेच घडते. अशा वेळी काही दिवस दिवा थोडा उतरवणे इष्ट असते.

तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस राखतात. उन्हाळ्यात पाणी यापेक्षा तापले, तर एरवी सोसणारा प्रकाशही हानिकारक ठरू शकतो. त्यामुळे अशा दिवसांत तीव्रता कमी करतात.

## देखभाल आणि विद्युत सुरक्षा

खाऱ्या पाण्याचे तुषार धातूला गंजवतात व विजेला वाट करून देतात. दिवा दोन आधारांनी पक्का टांगावा. तारेला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली ठिबकते. २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअर क्षमतेचे गळती प्रवाहाला तुटणारे स्विच, म्हणजेच आरसीसीबी, बसवणे आवश्यक समजले जाते. दिव्याचे आवरण व पंखा महिन्यातून एकदा वीज बंद करून पुसावा. तीव्र निळ्या एलईडीकडे थेट पाहणे डोळ्यांसाठी सुरक्षित नाही.

## भारतातील संदर्भ

भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे प्रमुख प्रवाळ क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळे आढळतात. कोकण किनाऱ्यापासून दूर पश्चिमेस अरबी समुद्रातील आंग्रिया बँक हे बुडालेले पठारही प्रवाळांसाठी ओळखले जाते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व खडकाळ प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे व सागरी पंखे यांचा समावेश आहे. भारतीय समुद्रातून ती काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. समुद्रकिनारी सापडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवणेही त्यातून सुटत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर खडकाळ प्रवाळांचा व्यापार 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रित होतो.

या पार्श्वभूमीवर प्रकाशयोजनेला निव्वळ सजावटीपलीकडचे महत्त्व येते. योग्य प्रकाशात वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे करून नव्या वसाहती तयार करता येतात आणि समुद्रातून आणलेल्या नमुन्यांवरील अवलंबन घटते. चुकीच्या प्रकाशाखाली मेलेल्या प्रत्येक प्रवाळाची जागा मात्र बहुधा दुसऱ्या प्रवाळाने भरली जाते.

## हे सुद्धा पहा

- प्रवाळ
- प्रवाळभित्ती
- प्रकाशसंश्लेषण
- प्रकाश उत्सर्जक डायोड
- आंग्रिया बँक